काचेखालचा कागद

मागच्या वेळी आपण झाशीच्या सॉफ्ट टॉइजबद्दल बोललो होतो. कापूस, सुई, दोरा, सगळं कसं मऊ मऊ. आजचा विषय कडक आहे. काच, आणि तीही आठशे अंशांना तापवलेली. पण खरं सांगायचं तर आज मला काचेपेक्षा तिच्याखाली अंथरायच्या कागदाबद्दल जास्त बोलायचंय. कारण त्या कागदापायी मी माझ्या आजीच्या सहा बांगड्या घालवल्या.

आधी आजीचा डबा. पत्र्याचा, बिस्किटांचा, झाकणावरचं चित्र कधीच पुसून गेलेलं. त्यात आजीच्या लग्नातल्या चुड्यातल्या हिरव्या बांगड्या आहेत. म्हणजे होत्या. एकूण चौदा, सगळ्या वाढलेल्या. (आमच्याकडे बांगडी ‘फुटली’ म्हणायचं नाही, ‘वाढली’ म्हणायचं. लहानपणी मी एकदा चुकून ‘फुटली’ म्हणाले आणि आजीने माझ्याकडे असं पाहिलं की तो शब्द आजही तोंडातून निघत नाही.) आजीचं माहेर ग्वाल्हेरचं. लग्न होऊन ती झाशीत आली ती या मानिक चौकातल्या घरात. घरात आम्ही ‘माणिक चौक’ म्हणतो, दुकानांच्या पाट्यांवर ‘मानिक चौक’ असतं, आणि रिक्षावाल्याला दोन्ही कळतं. चुडा इथल्याच बांगडीवाल्याकडून भरलेला. एकेक बांगडी वाढत गेली तशी आजी तिचे तुकडे डब्यात ठेवत गेली. का, ते तिने कधी सांगितलं नाही.

या चैत्रात तिने डबा माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, “तुझ्या काकूची ती भट्टी आहे ना, त्यात ह्यांचं काही होतं का बघ. मी गेल्यावर तुम्ही हे कचऱ्यात टाकाल.”

काकूची भट्टी म्हणजे गच्चीवरच्या खोलीतली टेबलावर मावणारी इलेक्ट्रिक भट्टी. झाकण वरून उघडतं, बाजूला तापमान ठरवायचा कंट्रोलर, आणि आत एक चौकोनी जाड फरशी, जिला शेल्फ म्हणतात. या शेल्फवर काचेचे तुकडे मांडायचे आणि हळूहळू तापवायचे. ७०० अंशांच्या पुढे काच मऊ होऊन शेजारच्या तुकड्याला चिकटू लागते, आणि ८०० च्या आसपास सगळे तुकडे एकजीव होतात. याला फ्युजिंग म्हणतात. फुंकणी नाही, ज्वाळा नाही, घाम गाळणं नाही. घाम गाळायला झाशीचा उन्हाळा समर्थ आहे.

अडचण एवढीच की मऊ झालेली काच शेजारच्या काचेला चिकटते तशीच खालच्या शेल्फलाही चिकटते, आणि एकदा चिकटली की छिन्नीनेच निघते, तीही शेल्फचा पापुद्रा घेऊन. म्हणून दोघांच्या मध्ये काहीतरी लागतं. एक उपाय म्हणजे शेल्फला पांढरा लेप देणं, आणि दुसरा म्हणजे शेल्फ पेपर. दिसायला तो साध्या जाडसर कागदासारखा असतो. कात्रीने कापता येतो, पेन्सिलीने आखता येतो. पण त्यात उष्णतेला दाद न देणारी खनिजं असतात आणि त्यांना कागदाच्या रूपात धरून ठेवणारा जळणारा भाग असतो. भट्टीत हा जळणारा भाग जळून जातो आणि खनिजाचा मऊ पांढरा थर उरतो. काच त्याला चिकटत नाही. कापा, अंथरा, झालं. लेपाची कटकट नाही, म्हणून घरी करणाऱ्यांचा ओढा कागदाकडेच असतो. माझाही होता.

आता माझा पराक्रम ऐका.

चौदापैकी सहा बांगड्यांचे तुकडे मी घेतले. आजीच्या हळदीकुंकवाच्या करंड्याखाली ठेवायला एक जाळीदार तबकडी करायची असं ठरलं. अर्धगोल तुकडे माशाच्या खवल्यांसारखे एकाला एक टेकवून मांडायचे आणि फक्त टेकलेल्या जागी चिकटतील एवढंच तापवायचं. खाली काचेचा तळ नाही, नुसती जाळी. कागदाचा अख्खा ताव शिल्लक नव्हता. दोन उरलेले तुकडे होते, गुंडाळी करून ठेवलेले. मी ते एकमेकांवर बोटभर चढवून अंथरले. कडा थोड्या वर येत होत्या, म्हटलं तापल्यावर बसतील. शेल्फवर मागच्या वेळची थोडी पूड होती, ती फुंकरीने उडवली. वर पंखा चालू होता. काकू लग्नाला ग्वाल्हेरला गेली होती. बटण दाबलं आणि मी खाली येऊन ऑफिसचं काम करत बसले.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा तबकडी झाली होती. जोडही नीट लागले होते. पण तिच्या उजव्या कडेवर पांढरी खपली बसली होती, जळालेली कागदाची कड थेट काचेत रुतलेली. खवल्यांच्या मधल्या फटींत पांढरी पूड शिरली होती. उलटी केली तर पाठीवर मधोमध एक पायरी, जिथे मी दोन कागद एकावर एक चढवले होते. आणि सगळ्या पाठीवर बारीक सुरकुत्या. आजीने तबकडी हातात घेतली, खपलीवरून अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाली, “कागद आहे का हा?”

मी दोन दिवस डब्याकडे पाहिलं नाही.

काकू आल्यावर तिने तबकडी उजेडात धरली आणि प्रत्येक डागाचं कारण सांगितलं. अगदी डॉक्टर एक्स-रे बघतात तसं. पुढे मी बरंच वाचलं, नव्या बांगड्यांवर प्रयोग केले, आणि काकूचं म्हणणं पटत गेलं. कागदाच्या बहुतेक तक्रारी बटण दाबण्याआधीच ठरलेल्या असतात. भट्टी त्या फक्त दाखवते.

कडेच्या खपलीपासून सुरू करू, कारण ती सगळ्यात जास्त जणांना छळते. कागदातला जळणारा भाग जळतो तेव्हा कागद आक्रसतो. ज्या भागावर काच आहे तो तिच्या वजनाने दबून राहतो. पण काचेच्या बाहेर मोकळा राहिलेला भाग पापडासारखा वर वळतो. कधी वळून परत खाली बसतो, कधी वळता वळता काचेवर पडतो. आणि नेमकी काच मऊ असताना पडला तर तो तिथेच घर करतो. गुंडाळून ठेवलेला कागद तर आधीच वळायला तयार असतो. उपाय सोपा. कागद सपाट ठेवायचा. माझा आता रात्रभर बी.ए.च्या इंग्रजी कवितांच्या जाडजूड ग्रंथाखाली असतो, आणि पदवीनंतर त्या ग्रंथाचा एवढा उपयोग मला पहिल्यांदाच झालाय. काचेच्या बाहेर कागद हातभर सोडायचा नाही. सोडावाच लागला तर कडांवर शेल्फचे फुटके तुकडे वजनासारखे ठेवायचे, मात्र तेही लेप दिलेले, आणि काचेपासून लांब.

मग कागद काचेच्याच मापाचा का कापू नये? बऱ्याचदा तेच योग्य असतं. पण इथे काचेचा एक स्वभाव माहीत हवा. पूर्ण वितळलेल्या काचेला साधारण ६ मिलिमीटर जाडी गाठायची ओढ असते. त्याहून पातळ काच आत ओढली जाते, चौकोनाच्या बाजू कंबरेसारख्या आत जातात, आणि जाताना ती खालचा कागदही गोळा करते. सुरकुत्या येतात त्या अशा. उलट तीन-चार थर एकावर एक रचले तर काच बाहेर पसरते. कागद काटेकोर मापाचा असेल तर ती त्याच्यावरून उतरून उघड्या शेल्फवर जाते आणि चिकटून बसते. म्हणून कागद कापण्याआधी आपली काच पूर्ण वितळल्यावर आत येणार की बाहेर जाणार, याचा विचार करायचा. आणि काही झालं तरी कागदाखाली शेल्फला लेप हवाच. कागद अंथरलाय म्हणून लेप नको, हा आळस शेल्फच्या किमतीला पडतो.

पायरीचं कारण तर उघड आहे. मऊ काच खालच्या पृष्ठभागाची हुबेहूब नक्कल करते. कागदावर कागद चढला की पायरी, दोन कागदांत फट राहिली की तिथे उंचवटा, नखाची खूण, घडी, शेल्फवर राहिलेला वाळूचा कण, सगळं पाठीवर उमटतं. शक्यतो एकच अख्खा तुकडा घ्यावा. जोड द्यायचीच वेळ आली तर कडा एकमेकांना टेकवून ठेवाव्यात, चढवू नयेत, आणि जोड वस्तूच्या अशा भागाखाली घ्यावी जिथे कुणी बघणार नाही. काही कागदांच्या एका बाजूला छापील अक्षरं असतात. ती बाजू वर की खाली, ते पाकिटावर लिहिलेलं असतं आणि ते वाचायचं असतं. (हे मी स्वतःलाच सांगतेय.)

आता धूर. ही गोष्ट मी पहिल्यांदा अगदी सोडूनच दिली होती, कारण मी खाली बसले होते. कागदातला भाग जळतो तेव्हा धूर आणि वास येतो. झाकण घट्ट बंद असेल आणि तापमान भराभर वाढत असेल तर धुराला जायला जागा राहत नाही, त्यातली काजळी काचेवर बसू शकते, काच धुरकट दिसते. म्हणून सुरुवातीला झाकण बोटभर उघडं ठेवायचं आणि तापमान हळू वाढवायचं. आम्ही तासाला सुमारे १०० ते १५० अंशांच्या वेगाने जातो. साधारण ४५० अंशांच्या आसपास वास थांबतो, तेव्हा झाकण हलक्या हाताने बंद. हलक्या हाताने म्हणजे खरंच हलक्या हाताने. धाडकन आपटलं तर आतल्या हवेच्या झोताने मोकळी झालेली पूड उडते आणि काचेवर बसते. याच कारणासाठी पंखा बंद. झाशीत एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करा म्हणणं म्हणजे शिक्षाच, आणि कूलर तर त्याहून वाईट, हवाही जोरात आणि ओलावाही. पण खिडकी उघडी आणि पंखा बंद, एवढं करावंच लागतं. कुठल्याही परिस्थितीत त्या वेळी त्या खोलीत बसून राहायचं नाही.

जाड फायबर पेपर नावाचा आणखी एक प्रकार असतो, दोन-तीन मिलिमीटर जाडीचा, कापसाच्या पुठ्ठ्यासारखा. काचेला उठावदार नक्षी द्यायला किंवा बाजूने बांध घालायला तो वापरतात. त्यात जळणारा भाग जास्त, म्हणून धूरही जास्त. तो आधी काचेशिवाय एकट्यानेच सुमारे ७०० अंशांपर्यंत तापवून घेतला तर पुढे त्रास देत नाही. मात्र एकदा भाजला की तो इतका नाजूक होतो की उचलताना बोटं रुततात. पातळ कागद एका वेळेलाच. भाजल्यानंतर तो जेमतेम राखेसारखा उरतो. “अजून एकदा चालेल” म्हणून तोच पुन्हा वापरणाऱ्यांच्या काचेवर खड्डे पडतात.

लेप घरी कसा करतात, तेही सांगते, कारण कागद बाहेरून मागवावा लागतो आणि महाग पडतो. अॅल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले, म्हणजे केओलिन, समप्रमाणात घेऊन पाण्यात कालवायचे, पातळ ताकासारखे. मऊ ब्रशने चार-पाच पातळ हात द्यायचे, एक आडवा, एक उभा, असे. मग पूर्ण वाळू द्यायचं. आपल्या उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यातलं खुर्जा चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि भट्टीची फरशी, माती, पूड असलं सामान तिथल्या व्यापाऱ्यांकडे मिळतं. लेपाचा एक नियम मात्र पाळा. पूर्ण फ्युजिंग झालं, म्हणजे भट्टी ८०० च्या आसपास जाऊन आली, की तो लेप खरवडून नवा द्यायचा. एवढ्या उष्णतेत केओलिन बदलतं आणि पुढच्या वेळी काचेच्या पाठीला चिकटू लागतं.

जुगाडाबद्दल दोन शब्द, कारण आपण भारतीय आहोत. बटर पेपर चालत नाही, तो ओव्हनसाठी आहे, भट्टीत त्याची राख होते. अॅल्युमिनियम फॉइल ६६० अंशांना वितळते, म्हणजे काच चिकटण्याच्या आधीच. आणि छपराच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्याचा तुकडा शेल्फ म्हणून कापून घ्यायचा विचार मनात आला असेल तर तिथेच थांबा. त्या पत्र्यांत बऱ्याचदा अॅस्बेस्टॉस असतं, आणि ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. यात विनोद नाही.

धुळीवरून आठवलं, आणि हे मी खरं तर आधी लिहायला हवं होतं.

पहिली तबकडी काढल्यावर मी शेल्फवरची पांढरी पूड कोरड्या फडक्याने झटकली. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या उन्हात ती पूड तरंगताना दिसत होती, छान दिसत होती. आजी दारातच उभी होती. संध्याकाळी तिला खोकला लागला आणि तो तीन दिवस राहिला. डॉक्टर म्हणाले, वय आहे, हवा बदलतेय. असेलही. पण मला ती उन्हातली पूड दिसत राहिली. भाजलेल्या शेल्फ पेपरची पूड फार बारीक असते, त्यात खनिज तंतू असू शकतात. जाड फायबर पेपरमध्ये बऱ्याचदा सिरॅमिक फायबर असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या गटात ठेवलंय. घाबरून भट्टी विकायची गरज नाही. पण त्या पुडीला पिठासारखं वागवायचं नाही.

आता आमच्या खोलीचे नियम असे आहेत. भट्टी पूर्ण गार झाल्यावर, हात लावण्याआधी एन-९५ मास्क. ओढणी नाकाला बांधणं म्हणजे मास्क नव्हे. मग स्प्रेच्या बाटलीने कागदाच्या राखेवर पाण्याचा बारीक तुषार, पाणी फक्त शेल्फवर, भट्टीच्या विटांवर किंवा तारांवर नाही, आणि त्यासाठी शेल्फ बाहेर काढून घ्यायचं. भट्टीचा प्लग आधीच काढलेला असतो. ओल्या कागदाने पूड पुसायची, पिशवीत बांधून टाकायची. झाडू नाही, फुंकर नाही, घरातला साधा व्हॅक्युम क्लीनरही नाही, कारण त्याच्या पिशवीतून बारीक धूळ पुन्हा खोलीतच येते. कपडे लगेच धुवायला. आणि आजीला, लहान मुलांना आणि मांजराला खोलीत प्रवेश नाही. यातलं फक्त मांजर ऐकत नाही.

काचेच्या पाठीला चिकटलेली पूड कोरडी खरवडायची नाही. पाण्यात बुडवून ठेवायची आणि मऊ घासणीने घासायची. लेप चिकटला असेल तर पातळ व्हिनेगरमध्ये भिजवल्याने बराच सुटतो. काचेत रुतलेली खपली मात्र निघत नाही. ती तशीच राहते.

आता तुम्ही विचाराल, बांगड्याच का? बाजारात फ्युजिंगसाठी बनवलेली खास काच मिळते, ती का नाही? प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर कागदाच्या पलीकडचं आहे. प्रत्येक काच तापल्यावर किती फुगते आणि गार होताना किती आक्रसते, याचं प्रमाण वेगळं असतं. दोन वेगळ्या प्रमाणांच्या काचा चिकटवल्या तर गार होताना एक जास्त ओढते, दुसरी कमी, आणि कधी लगेच, कधी महिन्याने तडा जातो. खिडकीच्या काचेवर बांगडीचे तुकडे चिकटवलेले फोटो इंटरनेटवर भरपूर दिसतात. ते सहा महिन्यांनी कसे दिसतात ते कुणी टाकत नाही. आमच्याकडे तळाची काच नव्हती ती याच कारणाने. एकाच चुड्यातल्या, एकाच रंगाच्या बांगड्या बहुधा एकाच घाण्यातल्या, एकमेकींशी जमवून घेणाऱ्या. तरीही भरवसा नाही, म्हणून आधी एकच तुकडा करून बघायचा.

या बांगड्या जवळपास नक्कीच फिरोजाबादच्या असणार. आग्र्याजवळचं ते गाव काचेच्या बांगड्यांचं. तिथे भट्टीतून ओढलेला काचेचा धागा फिरत्या रुळावर स्प्रिंगसारखा गुंडाळतात आणि मग तो कापून एकेक कडं सुटं करतात. म्हणजे प्रत्येक बांगडी सुरुवातीला उघडीच असते. तिची टोकं सपाटीला आणायची ती ‘सधाई’, ज्योतीवर जोडायची ती ‘जुडाई’, आणि ही कामं घराघरांत होत आलीत, बायकांच्या हातून, आणि एके काळी लहान मुलांच्याही. नक्षी आणि सोनेरी काम झालेल्या बांगड्या पुन्हा ‘पकाई भट्टी’त जातात. रंग पक्का व्हावा पण कडं वाकू नये, शेजारणीला चिकटू नये, असा तो अंदाज असतो. म्हणजे माझ्या गच्चीवरची आणि तिथल्या कारागिराची काळजी एकच, फक्त त्याच्याकडे कंट्रोलर नसतो आणि तबकडी बिघडली तर त्याची मजुरी जाते. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ ला जो निकाल दिला, त्यानंतर त्या भागातल्या कारखान्यांना कोळसा सोडून गॅसकडे वळावं लागलं, त्यात फिरोजाबादही आलं.

आणि मराठी माणसाचा काचेशी संबंध फक्त हातात भरण्यापुरता नाही हं. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडेला काच कारखाना निघाला. तिथे काचविद्या शिकवायला होते ते ईश्वरदास वार्ष्णेय, मूळचे आमच्या उत्तर प्रदेशाकडचे. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग? इकडची माणसं हुशारच असतात.” माहेर ग्वाल्हेरचं असलेल्या बाईने हे म्हणावं!

तर दुसरा प्रयत्न. डब्यात आठ बांगड्या उरल्या होत्या. आधी चौकातून साध्या हिरव्या, बिननक्षीच्या दोन डझन नव्या बांगड्या आणल्या. बांगडीवाल्याने माप विचारलं. म्हटलं, कुठलंही द्या, तोडायच्याच आहेत. त्याने माझ्याकडे आजीसारखंच पाहिलं. त्या नव्या बांगड्यांवर तीनदा प्रयोग केले. एकदा नुसत्या लेपावर, एकदा नुसत्या कागदावर, एकदा दोन्हीवर. लेपावर ब्रशच्या रेषा पाठीवर उमटल्या. कागदावर पाठ छान मंद, अंड्याच्या कवचासारखी आली. त्यामुळे लेपही आणि वर कागदही, हे ठरलं. पण नवी काच म्हणजे आजीच्या वेळची काच नव्हे, म्हणून जुन्यातली एक बांगडी चाचणीला द्यावी लागली. ती कुठली द्यायची हे आजीनेच ठरवलं. डब्यात बराच वेळ बोटं फिरवून तिने एक निवडली. “ही धुणं धुताना वाढली होती,” म्हणाली, “हिच्याशी माझं तसं काही नाही.”

मला तोवर माहीतच नव्हतं की प्रत्येकीचं काही आहे.

चाचणीत जुनी काच नव्याआधीच मऊ झाली, सुमारे वीस अंश आधी. म्हणजे नव्या बांगड्यांच्या हिशोबाने गेले असते तर जाळीचा चिखल झाला असता. कंट्रोलरवर ७४० अंश ठरवले, तिथे दहा मिनिटं, मग ५४० च्या जवळ तासभर थांबा आणि त्यानंतर अगदी सावकाश गार. हे आकडे आमच्या भट्टीचे आहेत, तुमची भट्टी वेगळं बोलेल. वीज जाण्याची भीती होतीच, म्हणून रात्री अकराला सुरू केलं. शेल्फ खरवडून नवा लेप. एकच अख्खा कागद, रात्रभर ग्रंथाखाली सपाट झालेला, जाळीपेक्षा सेंटिमीटरभरच मोठा, चार कोपऱ्यांवर वजनं. पंखा बंद, खिडकी उघडी. काकूने झाकणाखाली विटेचा तुकडा ठेवला आणि साडेतीन तासांनी, वास पूर्ण थांबल्यावर, काढला. मी गच्चीवर चटई टाकून पडले होते, किल्ल्यावरचे दिवे बघत.

झाकण दुसऱ्या दिवशी दुपारी उघडलं. सकाळी दोनदा हात शिवशिवला, पण कंट्रोलर १३० दाखवत होता.

तबकडी तळहाताएवढी आहे. सात बांगड्यांची. कडेला खपली नाही, पाठीवर पायरी नाही. एका खवल्याच्या आतल्या बाजूला पांढरा ठिपका आहे, मोहरीएवढा, कागदाचाच. तो कुठून आला ते काकूलाही सांगता आलं नाही. खाण्याचं काही यात ठेवायचं नाही, बांगडीच्या काचेत शिसं वगैरे असू शकतं, म्हणून ती करंड्याखालीच राहील. गणेश मंदिरात, जिथे १८४२ मध्ये राणी लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, तिथल्या हळदीकुंकवाला आजी करंडा नेते, आणि या खेपेला ती तबकडीही नेणार म्हणते.

पहिली, बिघडलेली तबकडी मी टाकून द्यायला निघाले होते. आजीने ती काढून घेतली आणि बिस्किटांच्या त्याच डब्यात ठेवली. काल मी विचारलं, आता डब्यात तेवढंच आहे ना? तर म्हणाली, “धुण्यातली पण आहे. तो चाचणीचा गोळा. तोही ठेवलाय.”